कोळंबीची टरफलं की बुरशी? नाशिकच्या प्रयोगशाळेसाठी कायटोसानची निवड

कायटोसान म्हणजे कोळंबीच्या टरफलांपासून किंवा बुरशीपासून मिळणारा, लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ. त्याची जखमेवरची फिल्म करायची की औषध वाहून नेणारे सूक्ष्म कण, हे आधी ठरवा. कच्चा माल त्यावरूनच ठरतो.

कोळंबीची टरफलं मुंबईहून कसारा घाट चढून येतात आणि वाटेतच कुजू लागतात, म्हणून आल्या दिवशीच धुऊन वाळवा. वाळलेल्या टरफलांच्या वजनाच्या १५ पट १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. टरफलांतल्या चुनखडीमुळे फेस उसळतो, तेव्हा भांडं अर्धंच भरा आणि टरफलं थोडीथोडी सोडा. बुडबुडे थांबले की लगेच धुवा, रात्रभर आम्लात राहिली तर रेणूंच्या साखळ्या तुटतात. मग १ मोलर कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइड) ७०-८० अंशांवर काही तास ठेवून प्रथिनं काढा. उरतं ते कायटिन; त्यातले अ‍ॅसिटिल गट काढून (डीअ‍ॅसिटिलेशन) कायटोसान करायला शेवटी ५० टक्के कॉस्टिक, १०० अंश, १ ते ३ तास. इथे हवेतला ऑक्सिजन घातक, नायट्रोजन सोडता आला तर उत्तम. एकच लांब फेरी देण्यापेक्षा मध्ये धुऊन दोन छोट्या द्या, साखळी लांब राहते.

म्यूकर गटातल्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटोसान तयारच असतं, त्यामुळे ५० टक्के कॉस्टिक लागत नाही. १ मोलर कॉस्टिकमध्ये १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा, उरलेला गाळ धुऊन २ टक्के अ‍ॅसिटिक आम्लात गरम करा, गाळा आणि सामू ९-१० करून साका बसवा. उतारा कमी, साखळीही बहुधा आखूड. ग्लुकान (पेशीभित्तीतलाच दुसरा घटक) मागे राहिलं तर द्रावण गढूळ दिसतं. पण कोळंबीची अ‍ॅलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन यात नसतं, हा मोठा फायदा.

आमचं मत: मजबूत फिल्मसाठी टरफलं, सूक्ष्म कणांसाठी बुरशी. मात्र आम्ल-कॉस्टिकचं सांडपाणी उदासीन करून शुद्ध करायची सोय नसेल तर टरफलांच्या वाटेला जाऊच नका. ते पाणी नाल्यातून गोदावरीतच जाणार.

शरीरात लवकर विरायला हवं असेल तर डीअ‍ॅसिटिलेशन ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा. शरीरात कायटोसान तोडणाऱ्या लायसोझाइम या विकराला पकडायला अ‍ॅसिटिल गट लागतात, म्हणून ९० टक्क्यांच्या वरचं बराच काळ टिकतं. साखळ्या एकमेकींना जोडण्यासाठी ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त, पण मागे राहिलेला अंश पेशी मारतो. जेनिपिन सौम्य, फक्त फिल्म निळी होते आणि खालची जखम नीट दिसत नाही. फिल्म वाळल्यावर सौम्य कॉस्टिकमध्ये बुडवून सामू ७ येईपर्यंत धुवा. नाहीतर उरलेल्या अ‍ॅसिटिक आम्लाने पेशी मरतात आणि दोष कायटोसानवर येतो.