दारावर टांगायचा मानेचा ट्रॅक्शन सेट: पिशवी गळेपर्यंतचा अनुभव

ट्रॅक्शन म्हणजे मान वर ओढून धरणं: दारावरच्या कप्पीतून दोरी, एका टोकाला डोक्याला लावायचा हनुवटीचा पट्टा, दुसऱ्या टोकाला वजनासाठी पाण्याची पिशवी. ती पिशवी शिवणीतून गळायला लागली, म्हणून लिहायला बसलो. कंपनीला कळवलं. उत्तर आलं: पिशवी वॉरंटीत बसत नाही, सुटी मिळत नाही, नवा सेट घ्या. पट्टी, कप्पी, दोरी सगळं धडधाकट, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीपायी पुन्हा सगळं विकत घ्यायचं!

माझं दुखणं मानेतून निघून पाठीच्या पात्यावरून दंडाच्या मागच्या बाजूने खाली उतरायचं, मधल्या बोटाला मुंग्या. खांदा चोळून ढिम्म फरक नव्हता. फिजिओथेरपिस्टने मान दुखऱ्या बाजूला कलवून वरून हलकेच दाबली. कळ थेट बोटापर्यंत. मग मला दुखरा हात डोक्यावर ठेवायला लावला, तर कळ ओसरली. सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधून निघणारी सातवी नस दबली होती. अंगठ्याला मुंग्या असत्या तर संशय सहाव्या नसेवर, करंगळीला असत्या तर आठव्या. (मानेत मणके 7, नसांच्या जोड्या मात्र 8.) रात्री बोटं बधिर होऊन हात झटकावा लागत असेल, तर नस मनगटातही दबलेली असू शकते. तिथे मान ओढून काय होणार?

आता हनुवटीचा पट्टा. हा ज्याने बनवला त्याने स्वतः लावून पाहिलेला नसावा. ओढ यायला हवी कवटीच्या मागच्या कडेवर; येते सगळी जबड्यावर. उतरवल्यावर घास चावताना कानापुढचा सांधा ठणकतो. मागचा पट्टा आखूड करून पुढचा सैल सोडला, तेव्हा कुठे सुसह्य झालं. ज्यांचा जबडा आधीच दुखतो त्यांनी याच्या वाटेला जाऊच नये. बसायचं दाराकडे तोंड करून, म्हणजे मान किंचित पुढे झुकते आणि नस बाहेर पडते ती फट थोडी मोकळी होते. आणि पिशवीत थोडंसं पाणी भरून काही जाणवलं नाही तर सेटला नावं ठेवू नका. डोकंच साधारण 5 किलोचं, पहिलं वजन ते तोलण्यातच जातं. किती भरायचं ते मात्र तपासणाऱ्यालाच विचारा.

सुरुवातीला मी याला पाच तारे दिले असते. दोरी ताणली की मुंग्या थांबायच्या! पण उतरवल्यावर थोड्या वेळाने परत. हळूहळू त्या कमी झाल्या खऱ्या, पण नस दबलेले बहुतेक लोक काही आठवड्यांत-महिन्यांत ऑपरेशनशिवायच बरे होतात. मग श्रेय दोरीचं की दिवसांचं? पिशवी गळत असल्यापासून सेट दाराआड पडून आहे आणि बोट ठीक आहे.

बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर हे टांगूच नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. तिथे मज्जारज्जूच दबलेला असू शकतो.

नवा सेट घेणार नाही. तारे तीन: एक जबड्यापायी कापला, एक पिशवीपायी.