कोननची तलवार की अरागॉर्नची?

एक ‘कोनन द बार्बेरियन’ सिनेमाचा नायक, दुसरा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला योद्धा. खऱ्या लढाईत कुणाची तलवार हाती घ्यावी? निम्मा निकाल वजनच लावतं. १९८२च्या सिनेमातली कोननची तलवार तीन किलोंच्या वर. युरोपातल्या खऱ्या दोनहाती लांब तलवारी साधारण सव्वा-दीड किलोच्या. वार हुकला की कोननचं ते जड पातं हाताला पुढे ओढत नेतं, सावरेपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. अरागॉर्नची लांब, सरळ, निमुळती. आडव्या परजेमुळे (मूठ आणि पात्यामधली दांडी) बोटं बऱ्यापैकी वाचतात, टोक चिलखताच्या फटीत खुपसता येतं.

शोभेच्या नकला मात्र दोन्हींच्या नकोत. बहुतेकांत पातं स्टेनलेसचं, मुठीत पेन्सिलीएवढी बारीक सळई. जोराचा वार बसला की ती परजेपाशी तुटते आणि पातं उडतं!

पडद्यावर दरारा हवा तर कोननची, द्वंद्वात अरागॉर्नची.