भजनाचं रेकॉर्डिंग झालं, आता फाइल विकायची की स्ट्रीमिंगवर टाकायचं?

गणपती जवळ आले की आमच्या सिंधुदुर्गात भजन मंडळांमध्ये हाच विषय निघतो. मी मंडळात पखवाज वाजवतो, गेल्या वर्षी आम्ही दोन्ही करून बघितलं, म्हणून लिहितोय.

कॅसेटच्या काळात एक गजर आवडला तरी अख्खी कॅसेट घ्यावी लागायची. मग एमपीथ्री आलं, ७०० एमबीच्या एका सीडीत शंभरावर गाणी मावायला लागली आणि पुढे तर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डच भरून मिळायचं, भजन घरोघरी वाजत होतं पण बुवांच्या हातात त्यातला रुपया येत नव्हता. तिकडे ॲपलने २००३ ला आयट्यून्स स्टोअर काढून ९९ सेंटला एकेक गाणं विकलं. आपल्याकडे फ्लिपकार्टनेही २०१२ ला फ्लाइट नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलेलं, ते २०१३ ला बंद झालं, पण ज्यांनी तेव्हा गाणी उतरवून जपून ठेवली त्यांच्याकडे ती आजही वाजतात. फाइलची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

स्ट्रीमिंगची पोच मोठी आहे हे मान्यच. मुंबईतला चाकरमानी असो की दुबईतला, नाव टाकलं की गाणं हजर. पण पैशाचं नीट समजून घ्या. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत एखादं गाणं १,००० वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत, आणि गाणं ३० सेकंद ऐकलं की एक प्ले धरतात, मग ते ३ मिनिटांचं असो नाहीतर २० मिनिटांचं. आमच्या गजराची लय चढायलाच पाच-सहा मिनिटं जातात, झांजा एकदम उठतात ते त्यानंतर. जास्त प्ले मिळावेत म्हणून त्याचे तुकडे करायला मला जीव झाला नाही.

फाइलचा हिशोब सोपा आहे. समजा १०० रुपयांना २०० जणांनी घेतली तर २०,००० रुपये यूपीआयने थेट मंडळाच्या खात्यात. ३२० केबीपीएसला, म्हणजे एमपीथ्रीच्या वरच्या दर्जाला, २० मिनिटांचं भजन साधारण ४८ एमबी होतं, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की आवाज दबत नाही. तोटा एकच, पण मोठा, एकाने घेतली की तो चौघांना फॉरवर्ड करणार. आम्ही फाइलसोबत दोन ओळी लिहून पाठवल्या, हे पैसे नवीन पखवाजाला जाणार आहेत, आणि वाडीतल्या बऱ्याच लोकांनी खरंच वेगळे पैसे पाठवले.

नेटवर्कचा मुद्दा कोकणात सोडून चालतच नाही. विसर्जनाला किनाऱ्यावर गर्दी, स्पीकरवर ॲपवरून आमचाच गजर लावलेला आणि ऐन रंगात आला असताना गोल गोल फिरायला लागलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे माझ्याकडे फाइल आसा, ती लाव!" आणि पुढचा तासभर तीच वाजली. ॲपमध्येही डाउनलोड असतं, पण ते ॲपच्या आतच राहतं आणि बऱ्याच ठिकाणी सबस्क्रिप्शन संपलं की वाजत नाही.

सिनेमाच्या चालीवरचा गजर असेल तर परवानगी दोन्हीकडे लागते, उगाच अंगावर घेऊ नका. तुकोबांचा अभंग आणि स्वतःची चाल असेल तर काळजी नाही.

मला विचाराल तर लहान मंडळाने आधी फाइल विकावी, गणपतीच्या महिनाभर आधी, कारण लोक तेव्हाच घेतात. दिवाळीनंतर तेच स्ट्रीमिंगवर टाका, पण डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपली गाणी ॲपवर चढवून देणारा, दरवर्षी फी घेतो का आणि फी थांबली की गाणी काढतो का, हे आधीच विचारून घ्या. आणि मूळ वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबलेलं मूळ रेकॉर्डिंग, दोन वेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्कवर ठेवा. आमच्या थोरल्या बुवांच्या आवाजाची एकच कॅसेट होती, माळ्यावरच्या पेटीत, दोन पावसाळ्यांत तिला बुरशी आली.