इंजिनियरही मीच, वकीलही मीच : आमच्या सोसायटीला घातलेला गंडा

कार्डावर ‘बी.ई. सिव्हिल, एलएल.बी.’ आणि खाली ‘बांधकाम तंटे सल्लागार’. बिल्डरशी भांडून टेकीला आलेल्या सोसायटीला अजून काय हवं? पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या सोसायटीकडून या माणसाने दोन लाख साठ हजार रुपये नेले. सेक्रेटरी या नात्याने हे सविस्तर लिहितोय, कारण तो अजूनही सोसायट्यांच्या सभांना जातो.

आम्हाला ताबा मिळाला २०१८ मध्ये. तिसऱ्या पावसाळ्यात पार्किंगच्या स्लॅबला ओल आली आणि दोन बीमना सळईच्या रेषेत तडे गेले. बिल्डरचा माणूस यायचा, पुट्टी फासून जायचा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत असा दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो त्याने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणजे आमची मुदत २०२३ पर्यंत होती. हे कलम सभेत त्यानेच वाचून दाखवलं, त्यामुळे माणूस अभ्यासू वाटला.

त्याची ऑफर साधी होती. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी तो करणार, रिपोर्टवर सही त्याची, महारेराकडे (रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) तक्रार दाखल करून ती लढवणारही तोच. शिवाय मिळेल त्या भरपाईत दहा टक्के त्याचे. सभेने ठराव एकमताने मंजूर केला, दोन माणसांच्या दोन फिया वाचल्या म्हणून.

आता आमच्या वकीलबाई सांगतात की खरी गोम इथेच होती. ज्या प्रकरणात आपल्यालाच साक्षीदार व्हावं लागेल असं दिसतंय, ते प्रकरण वकिलाने घेऊ नये, असा बार काउन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. ऑडिट रिपोर्टवर सही करणारा हा उद्याचा तज्ज्ञ साक्षीदार. समोरचा वकील उलटतपासणी घेणार ती त्याचीच. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा मागणं, तेही वकिलाला मना आहे. इंजिनियरिंगची पदवी असलेले उत्तम वकील आहेत, बांधकामाच्या लवादात त्यांना मागणीही असते. पण ते रिपोर्ट दुसऱ्याकडून करून घेतात.

ऑडिटच्या दिवशी दोन पोरं रिबाउंड हॅमर (ठोका देऊन काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज घेणारं उपकरण) घेऊन आली आणि रंग लावलेल्या प्लास्टरवरच ठोकत सुटली. बी विंगमधले नाना पीडब्ल्यूडीतून डेप्युटी इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, “अरे, प्लास्टर काढल्याशिवाय काँक्रीटचं रीडिंग कसं येईल?” पोरांनी साहेबांना फोन लावून दिला. साहेब म्हणाले, “काका, हा रिपोर्ट कोर्टासाठी आहे. कोर्टाला काय लागतं ते मला ठाऊक आहे.” पुढे खजिनदारांनी तक्रारीच्या मुदतीचं विचारलं, तेव्हा उत्तर आलं, “तुम्ही आधी कॉलमची काळजी करा.” तांत्रिक प्रश्नाला वकील उत्तर देणार आणि कायद्याच्या प्रश्नाला इंजिनियर! शेवटपर्यंत हाच खेळ चालला.

रिपोर्ट मात्र जाडजूड, स्पायरल बायंडिंगचा. नानांनी तो जिन्यातच उभं राहून चाळला. वेगवेगळ्या मजल्यांवरच्या कॉलमची रीडिंग ओळीने सारखीच. काँक्रीटची ताकद दशांशानंतर दोन आकड्यांपर्यंत दिलेली, आणि या चाचणीच्या भारतीय मानकात तर हॅमरवरून काढलेला अंदाज पंचवीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतो असं स्पष्ट लिहिलंय. वर अल्ट्रासॉनिक टेस्टचा, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून केलेल्या तपासणीचा तक्ता. त्या टेस्टला दोन प्रोब लागतात, काँक्रीटला ग्रीस किंवा जेल लावून ते टेकवावे लागतात. पोरांकडे तसलं यंत्र कुणीच पाहिलं नव्हतं.

मग कागद तपासायला घेतले. बिलात ‘कोर्ट फी’ म्हणून पंचाऐंशी हजार, प्रत्यक्षात महारेराची तक्रार फी पाच हजार. बिलावर अठरा टक्के जीएसटी, आणि वकील स्वतःच्या बिलात जीएसटी लावत नाहीत हे आमच्या सीएने एका वाक्यात सांगितलं. वकालतनाम्यावर वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट लागतं, तेही नाही. बिल्डरला पाठवल्याचं सांगितलेल्या नोटिशीची प्रत होती, पण पोस्टाची पावती नाही, पोचपावती नाही. तक्रार क्रमांक मागितला की ‘सिस्टीम डाऊन आहे’. महारेराच्या साइटवर आमच्या प्रकल्पाच्या नावाने तक्रारच नव्हती.

शेवटी बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे चौकशी केली. एलएल.बी. ही नुसती पदवी. वकिली करायला सनद लागते, आणि त्याच्या नावाची सनदच नव्हती. कार्डावर ‘ॲडव्होकेट’ हा शब्द कुठेच नाही, हे तेव्हा लक्षात आलं. तेवढी काळजी त्याने घेतली होती.

सनद नाही म्हणजे बार काउन्सिलची शिस्तभंगाची कारवाईही नाही, ती नोंदणी झालेल्या वकिलावरच होते. फसवणुकीची तक्रार पोलिसांत दिली आहे. पैशांसाठी ग्राहक आयोगात गेलोय. गंमत अशी, की वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवलं. पण हा वकीलच नाही, त्यामुळे आमची तक्रार टिकेल असं वकीलबाईंचं मत.

बिल्डरविरुद्धची मुदत वाचली ती खजिनदारांमुळे. त्यांनी २०२१ च्या पावसाळ्यात तड्यांचे फोटो बिल्डरच्या ऑफिसला ई-मेल केले होते आणि तिकडून ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तरही आलं होतं. नव्या तक्रारीला पहिला कागद तोच जोडलाय. ऑडिट आता महापालिकेच्या यादीवरच्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून झालं. त्यांनी प्लास्टर सोलून, काँक्रीटचे कोअर (आतून कापलेले नमुने) काढून लॅबला पाठवले.

मागच्या महिन्यात मोशीच्या एका सोसायटीतून खजिनदार मॅडमचा फोन आला. त्यांच्या हातात त्याच माणसाचा रिपोर्ट होता, आणि त्यातल्या एका फोटोतल्या खांबावर आमच्या सोसायटीच्या नावाची पाटी होती. त्यांचा पहिला चेक अजून वटायचा होता, तो त्यांनी बँकेत जाऊन थांबवला. त्या रिपोर्टची प्रत आम्ही पोलिसांकडे दिली आहे.