‘टर्टल्स ऑल द वे डाउन’: प्रेमकथेपेक्षा बोटावरची बँड-एड लक्षात राहते

सोळा वर्षांची अझा होम्स लहानपणापासून अंगठ्याचं नख मधल्या बोटाच्या पेरात रुतवत आली आहे. तिथे आता घट्टा पडलाय. नख रुतवायचं, कातडी उघडायची, रक्त पिळून काढायचं, सॅनिटायझर चोळायचं, नवी बँड-एड लावायची. थोड्या वेळाने शंका येते, आत जंतू राहिला असेल तर? की पट्टी काढून पुन्हा पहिल्यापासून. जॉन ग्रीन यांच्या २०१७ सालच्या या कादंबरीत इंडियानापोलिसमधला एक फरार अब्जाधीश आहे, त्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्याला एक लाख डॉलरचं बक्षीस आहे आणि त्याच्या मुलाशी, डेव्हिसशी, जुळणारं प्रेमही आहे. पण पुस्तक खरं चालतं ते या बोटावर.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, कागदावर आणताना लेखकाने भीती मोघम ठेवलेली नाही, हे फार चांगलं झालं. अझाला भीती आहे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या एकाच जंतूची. हा जंतू मोठ्या आतड्यात उपद्रव करतो, तोही बहुधा अँटिबायोटिक्स घेतल्यानंतर. बोटावरच्या चिरेशी त्याचा संबंध नाही. शिवाय त्याचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, साबण-पाण्याने हात धुवावे लागतात. म्हणजे अझाचा उपाय तिच्या भीतीला लागूच पडत नाही, उलट रोज उकरलेल्या जखमेमुळे दुसऱ्याच एखाद्या संसर्गाची सोय होते. तरी ती थांबत का नाही? पट्टी बदलली की काही मिनिटं हायसं वाटतं आणि त्या सुटकेतूनच मेंदू शिकतो, की धोका खरा होता, आपण वेळेत वाचलो. पुढची शंका अधिक जोर धरून येते. इंटरनेटवर लक्षणं शोधत बसणं हीसुद्धा घटकाभर सुटका देणारी कृतीच, पट्टी बदलण्याइतकीच. आपण करतोय ते निरर्थक आहे हे अझाला पक्कं ठाऊक आहे. त्याने फरक पडत नाही, आणि ‘समजावून सांगितलं की कळेल’ असं मानणाऱ्यांसाठी ही पानं फार उपयोगाची आहेत.

मनातला हट्टी आवाज तिरप्या टाइपात येतो आणि अझा त्याच्याशी वाद घालत राहते. तेच ते वाक्य पुन्हा येतं, किंचित बदलून. काही वाचकांना हे कंटाळवाणं वाटेल. वाटू दे, आजारही तसाच आहे.

प्रेमाचा भाग त्यामुळेच खरा उतरलाय. दोघं आकाश बघत पडलेली असतात किंवा फोनवर मेसेज करत असतात तेव्हा सगळं सुरळीत असतं. चुंबन झालं की अझाच्या डोक्यात हिशोब सुरू होतो, त्याच्या तोंडातले जंतू आता माझ्यात राहणार. ती बाथरूममध्ये जाऊन सॅनिटायझर तोंडात घेते. डेव्हिस समजूतदार आहे, थांबायला तयार आहे, पण त्याच्या समजूतदारपणाने आजार हटत नाही. किशोरवयीन प्रेमकथांत ‘तो भेटला आणि ती बरी झाली’ हा जो सर्रास अन्याय चालतो, तो इथे नाही.

माझ्या मते सर्वांत सरस प्रसंग मात्र मैत्रिणीचा. डेझी गरीब घरातली, नोकरी करून शिकणारी, स्टार वॉर्सवर फॅन फिक्शन लिहिणारी. तिच्या कथांतलं एक वैतागवाणं पात्र आपल्यावरूनच बेतलंय, हे अझाला कळतं आणि भांडण पेटतं. डेझीच्या घरच्यांबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही, हेही त्यातच उघडं पडतं. आजारी माणूस स्वतःत किती अडकतो आणि सोबत करणारा किती थकतो, हे कुणालाही खलनायक न करता मांडलंय.

रहस्याचा धागा पातळ आहे. बेपत्ता बापाने संपत्ती मुलांऐवजी पाळलेल्या तुआताराच्या, म्हणजे सरड्यासारख्या एका प्राण्याच्या, नावे करणं गमतीदार, पण शोध मधूनच विसरला जातो. सगळी मुलं एकसारखी तत्त्वज्ञानात बोलतात, तेही खटकतं. याहून मोठी तक्रार उपचारांबद्दल. अझावर उपचार करणाऱ्या डॉ. सिंग यांच्या भेटींत ‘मी’ म्हणजे कोण यावर छान चर्चा होते, पण ओसीडीवरची मुख्य थेरपी, म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं आणि कृती रोखणं, जवळपास दिसत नाही. अझासारख्या मुलीसाठी ती साधारण अशी असते: पट्टी बदलण्याची ओढ आली की आधी दहा मिनिटं थांबायचं, जमलं की अर्धा तास, मग रात्रभर, अस्वस्थता चढली तरी शोधाशोध करायची नाही. गोळ्यांचंही तसंच. अझा त्या नियमित घेत नाही. त्यामागची तिची घालमेल, गोळीमुळे मी ‘मी’ होणार असेन तर मी कोण, सुरेख आली आहे. पण ओसीडीत या औषधांचा गुण दिसायला अनेकदा आठ ते बारा आठवडे लागतात आणि मधेमधे सोडली तर गोळी लागू पडते की नाही हेच कळत नाही, ही साधी गोष्ट कुणीतरी तिला ठणकावून सांगायला हवी होती.

चौदा वर्षांपुढच्या मुलांना द्यायला हरकत नाही, इंग्रजी सोपं आहे. ज्यांना स्वतःला जंतूंचा मंत्रचळ आहे त्यांनी हॉस्पिटलची प्रकरणं जपून वाचावीत. तिथे अझा सॅनिटायझर गिळते, वर्णन तपशीलवार आहे, आणि वाचता वाचता त्या जंतूची माहिती शोधायला हात फोनकडे जाण्याचा धोका खरा आहे. ही प्रकरणं एकट्याने, रात्री वाचू नयेत. आईवडिलांनी अझाच्या आईचे प्रसंग नीट बघावेत: मायेपोटी सतत चौकशी करणारी आई आणि प्रत्येक चौकशीबरोबर अधिकच मिटणारी मुलगी. २०२४ साली आलेला सिनेमाही बरा आहे, पण डोक्यातला तो वाद कागदावरच जास्त झोंबतो, म्हणून आधी पुस्तक वाचा.