दहा मीटरची बायोथेन दोरी आणि वाय हार्नेस: दापोलीच्या पुळणीवर पावसाळा ते शिमगा वापरल्यानंतर

आधी निकाल. दोरी डोळे झाकून घ्यावी. हार्नेसही, म्हणजे गळ्याऐवजी अंगावर बांधायचा पट्टाही, घ्यावा, पण पावसाळ्यासाठी दोन लागतील. रोजचा सराव होणार नसेल तर मात्र दोन्हींवर पैसे घालू नयेत. कुत्र्याला शिकवण्यासाठी लागतं त्याचं लक्ष वेधणाऱ्या गोष्टीपासूनचं अंतर, आणि ही सामग्री तेवढं अंतर मिळवून देते. शिकवायचं आपल्यालाच असतं. तरुण, उसळत्या कुत्र्याच्या बाबतीत सगळा खेळ अंतराचाच आहे, म्हणून खाली दोरीपेक्षा अंतराबद्दलच जास्त लिहिलं आहे.

वापर झाला तो 22 किलोच्या लॅब्रेडॉर-गावठी मिश्र कुत्रीवर. सुरुवातीला ती आठ महिन्यांची होती. कुत्र्यांचं वयात येणं साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत चालतं, मोठ्या जातींत दोन वर्षांपर्यंतही. या काळात आधी शिकलेलं विसरल्यासारखं वाटतं. ते नैसर्गिक आहे, सराव सोडू नये. फिरण्याच्या जागा म्हणजे मुरूड-कर्द्याची पुळण, सुरूचं बन, गावातल्या पाखाड्या (अरुंद पायवाटा) आणि हर्णे बंदराकडचा रस्ता. इथे लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींना तोटा नाही: परसातल्या कोंबड्या, गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसलेलं मांजर, काजूच्या बागेतली वानरं, पायाखालून पळणाऱ्या कुर्ल्या, पर्यटकांच्या गाड्या, आणि लिलावाच्या वेळी बंदराकडून येणारा वास.

दोरी 13 मिमी रुंद, 10 मीटर लांब. बायोथेन म्हणजे आत पॉलिएस्टरची पट्टी आणि वरून प्लास्टिकचा लेप. खाऱ्या किनाऱ्यावर हाच मोठा फायदा. सुती दोरी खारं पाणी पिऊन जड होते, दोन दिवस वाळत नाही आणि वाळली की मिठाने कडक होते. नायलॉनची स्वस्त पडते, पण कुत्रा धावला की तळहात सोलून काढते. बायोथेन नळाखाली धरून पुसली की झालं. खोट एक: ओली झाली की निसटते. रबरी तळव्याचे बागकामाचे हातमोजे घाला. आपोआप गुंडाळणारा पट्टा या कामाला घेऊ नका. तो सतत थोडा ताणलेला राहतो, त्यामुळे ओढलं की पुढे जायला मिळतं हेच कुत्र्याच्या मनात पक्कं बसतं.

दोरीच्या टोकाला हाताची फास असेल तर ती कापून टाका. सुरूच्या उघड्या मुळांत आणि खडकांच्या फटीत अडकते ती फासच. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. पंखाच्या घडीसारख्या घड्या करून तळहातात धरायची, बाकीची मागे लोळू द्यायची. सगळी दहा मीटर कधीच सोडू नका, दोन-तीन मीटर राखून ठेवा. कुत्रा सुटला तर मुठीतून हळूहळू ब्रेक लावता येतो. पूर्ण वेगात टोकाशी येऊन हिसका बसला तर त्याची मान, पाठ आणि आपला खांदा, तिघांनाही दुखापत होऊ शकते. त्याच कारणाने लांब दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावायची नाही, हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच लावायची. छातीवरची कडी फक्त दोन मीटरच्या आखूड पट्ट्यासाठी, बाजारात किंवा एसटी स्टँडजवळ. लांब दोरी छातीला लावली तर धावता कुत्रा गर्रकन वळून आपटतो.

हुकाकडे नीट बघून घ्या. निकेलचा मुलामा दिलेले हूक खाऱ्या हवेत महिन्या-दीड महिन्यात फुगतात. पितळी किंवा 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. पितळी हुकातही आतली स्प्रिंग बहुतेक पोलादाचीच असते, ती गंजते. त्याहून धोकादायक म्हणजे वाळू. हुकाची जीभ मागे ओढून सोडा आणि ती शेवटपर्यंत येते का ते बघा. वाळूचे चार कण आत बसले की जीभ केसभर उघडी राहते, बाहेरून ते कळतही नाही, आणि कुत्र्याने बाजूने जोर दिला की कडी निसटते. पुळणीवरून आल्यावर हूक गोड्या पाण्यात हलवून धुवावा, वाळला की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकावा.

हार्नेस वाय आकाराचा, म्हणजे पट्टी छातीच्या हाडावरून उभी जाते आणि खांदे मोकळे राहतात. आडव्या पट्टीचा घेतला तर पाऊल पुढे टाकताना खांदा अडतो. पावसाळ्यात अडचण येते ती गादीची. मऊ अस्तर पाणी धरून ठेवतं, जुलैच्या हवेत ते वाळतच नाही, बुरशी येते आणि काखेत कातडी सोलवटते. म्हणून दोन हार्नेस, आणि पावसाळी तरी बिनगादीचा. घरी आल्या आल्या काढायचा आणि काखा पुसायच्या. तेव्हाच गोचिडांसाठी कान, काखा, बोटांच्या फटी चाचपायच्या.

आता सराव. घरात एक शब्द ठरवा, छोटा आणि एरवी बोलण्यात न येणारा. आमच्याकडे 'बेस'. शब्द उच्चारायचा आणि एका सेकंदाच्या आत खाऊ द्यायचा. एका वेळी दहा-बारा तुकडे, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. शब्द ऐकताच मान झटकन वळली की शब्द पक्का झाला. त्याच दिवसांत अंगणात 'मागे फिर'चाही सराव करून घ्या: शब्द म्हणून आपण वळायचं, कुत्रा सोबत आला की खाऊ. रस्त्यावर अचानक काही समोर आलं तर हेच वापरायचं असतं, आणि ते आधी शांतपणे शिकवलेलं नसेल तर ऐनवेळी चालत नाही.

मग बाहेर. सुरुवात स्थिर गोष्टीपासून, बांधलेल्या गाईपासून वगैरे, 30-40 मीटरवरून. कुत्र्याने तिच्याकडे पाहिलं की त्याच क्षणी 'बेस'. लोक इथेच गोंधळतात. त्यांना वाटतं, बघितल्याबद्दल बक्षीस कसं? पण बघणं थांबवता येत नाही आणि थांबवायचंही नाही. गाय दिसली की माणसाकडे वळण्यात फायदा आहे, एवढी सांगड त्याच्या मनात बसायला हवी. ती बसली की शब्द उशिरा म्हणा: एक-दोन सेकंद थांबा, तो आपणहून वळला की मग 'बेस'. तीन सेकंदांत वळला नाही तर तो हट्टी आहे असं समजू नका, आपण फार जवळ आहोत. पाच-दहा मीटर मागे या.

जवळ आल्याच्या खुणा कुत्र्याच्या तोंडावर दिसतात. आधी उघडं, सैल असलेलं तोंड मिटतं. कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जातं, शेपटी ताठते. याच्या पुढची पायरी म्हणजे उकडलेलं चिकन नाकाशी धरलं तरी न घेणं, किंवा बोटं चावत हिसकावून घेणं. तिथे शिकवणं संपलं. नाव घेऊन ओरडू नका, नुसतं अंतर वाढवा. तोंड मिटलं की मागे सरकायचं, ही एक सवय लावून घेतली तरी अर्धं काम होतं.

दहापैकी आठ वेळा जमलं की अंतर दोन-तीन मीटरने कमी करायचं. लागोपाठ दोनदा फसलं की पुन्हा वाढवायचं. एका वेळी एकच गोष्ट अवघड करावी. स्थिर गाईवरून चालत्या गाईवर गेलात तर अंतर पुन्हा 30 मीटर. धावणारी कोंबडी सगळ्यात शेवटी. 40 मिनिटांच्या फेरीत सराव दहा-पंधरा मिनिटांचाच, बाकी वेळ हुंगू द्यावं. हुंगण्याने कुत्रा शांत होतो, आणि तो वेळ कापला तर सरावही बिघडतो. एखाद्या दिवशी मोठी झटापट झाली, फटाके वाजले, तर पुढचे एक-दोन दिवस निवांत फेऱ्याच कराव्यात.

गावातलं अंतर कमी असतं, दोन गडग्यांमधली पाखाडी जेमतेम दोन मीटर. म्हणून सरावाची खरी जागा पुळण, आणि तीही ओहोटीची. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सकाळी लवकर ओहोटी असते, पुळण रुंद आणि घट्ट मिळते, आणि रापणीपासून (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यापासून) 50 मीटर लांब राहता येतं. अष्टमीच्या आसपास सकाळी भरती, मग सुरूच्या बनात जावं. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अंधारात मात्र नको: पहाटे आणि कातरवेळी बिबट्याचा वावर असतो, आणि सड्यावरच्या (उघड्या कातळपठारावरच्या) जांभ्यात फुरशी हे विषारी साप असतात. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर पायही ठेवू देऊ नये.

खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं, बिनहाडाचं चिकन, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. 22 किलोच्या कुत्रीला दिवसाला 60 ग्रॅम पुष्कळ झालं. ते जेवणातून वजा करायचं. बिस्किटं चावण्यात वेळ जातो आणि चुरा पडतो, तोवर क्षण निघून गेलेला असतो. सुकट हाताशी असते, वासही जबरदस्त, पण त्यात मीठ आणि वाळू दोन्ही असतात. चिकन इथल्या दमट हवेत दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. आणखी एक: लक्ष वळवायला खाऊ जमिनीवर विखरून टाकतात, ते अंगणात ठीक. पुळणीवर कुत्रा खाऊबरोबर वाळू गिळतो आणि ती आतड्यात साचू शकते. तिथे हातातूनच द्यावा.

किनाऱ्यावर 'सोड' हा शब्द प्राण वाचवतो. रापण ओढून झाली की नको असलेली मासळी तिथेच टाकतात आणि तीत केंड हा अंग फुगवणारा विषारी मासा असतो. त्याच्या यकृतात, गाबोळीत (अंड्यांत) आणि कातडीत टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं. वाळलं तरी ते जात नाही आणि त्यावर उतारा नाही. लाळ गळणं, ओकारी, मग पाय लुळे पडणं, श्वास अडकणं. काही मिनिटांपासून काही तासांत. कुत्र्याने केंड तोंडात घेतल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्यावं. शिकवताना बंद मुठीत खाऊ धरा. कुत्रा नाक बाजूला घेईपर्यंत थांबा, मग 'बेस' आणि दुसऱ्या हातातून खाऊ. मग उघडा तळहात, मग जमिनीवर पायाखाली, मग दोरीवर चालता चालता. मुठीतला खाऊ शेवटपर्यंत देऊ नका, नाहीतर थांबलं की तेच मिळतं असं तो शिकतो. गळ अडकलेली आमिषंही पडलेली असतात, त्यांनाही हाच शब्द.

गावठी कुत्र्यांचं वेगळं आहे. प्रत्येक वाडीच्या तोंडाशी एक टोळी असते आणि तिची हद्द ठरलेली. सरळ त्यांच्या अंगावर जाऊ नका, लांबून वळसा घाला, दोरी सैल ठेवा. ताणलेल्या दोरीवरचा कुत्रा छाती काढून उभा दिसतो आणि समोरचे भडकतात. हद्द संपली की ती बहुतेकदा थांबतात. रेबीजची लस तारखेला झालेली हवीच, आणि कोकणातल्या पावसात लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिसची). साखळीला हिसके देणं किंवा काट्यांचा पट्टा यांनी ओढणं काही दिवस थांबतं, पण दुखतं ते दुसरा कुत्रा दिसल्यावरच. कुत्रा ते दुखणं त्या दुसऱ्याच्या नावावर टाकतो आणि पुढच्या वेळी लांबूनच भुंकायला लागतो. बिघडलेलं हे वळण सुधारायला मूळ शिकवण्याहून किती तरी जास्त वेळ लागतो, म्हणून या गोष्टी विकत घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे.

शिमग्यात पालखी, ढोल आणि गर्दी असताना सराव करू नका. आवाजाला सरावू दे म्हणून नेलेला कुत्रा उलट घाबरून बसतो. तेवढे दिवस आडवाटेने आणि आखूड पट्ट्यावर.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं आंजर्ले, वेळाससारख्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. कुत्रे घरटी उकरतात. तेव्हा बोलावल्यावर कितीही चांगला येत असला तरी या महिन्यांत कुत्रा पुळणीवर दोरीशिवाय सोडू नये, आणि भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत हुंगू देऊ नये. सरावही ओल्या वाळूतच करावा.

सध्याची स्थिती: गाई, गाड्या आणि पर्यटक पाच मीटरवरून सैल दोरीवर पार होतात. मांजर स्थिर असेल तर जमतं, पळालं तर अजून दोरीच लागते. वानरांसाठी अजून 20 मीटर हवेत. दोरीला चरे पडलेत, पण लेप कुठे सुटलेला नाही. ऑर्डर देताना छातीचा घेर पुढच्या पायांमागे चार बोटं सोडून मोजा, पट्टीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. वाढत्या कुत्र्याचं माप दर महिन्याला पुन्हा बघा. आणि दोरीबरोबर एक हूक जास्तीचा मागवा, दापोलीत त्या मापाचा सहज मिळत नाही.