उडी एकीकडे, गळ दुसरीकडे

‘सेलेस्ट’ या डोंगर चढायच्या व्हिडिओ गेममध्ये (२०१८) हाताशी मोजकंच: उडी, हवेतला डॅश (झपकन घेतलेली झेप), भिंतीला धरून चढणं. डॅश वापरला की नायिका मॅडलिनचे लाल केस निळे होतात आणि जमिनीला पाय लागेपर्यंत तो सहसा परत मिळत नाही. सगळी मजा त्या निळ्या क्षणात! वाटेत गोळा करायच्या स्ट्रॉबेऱ्या दुय्यम, एकही न घेता शिखर गाठता येतं. पण त्या घ्यायच्या तरी उडी-डॅशच लागतो.

‘स्टारड्यू व्हॅली’ या गेमचा (२०१६) गाभा शेतीचा. मासेमारी म्हणे जोडधंदा! तिथे ना कुदळ, ना झारी. हिरवी पट्टी वरखाली नाचवत मासा तिच्यात धरून ठेवायचा. हा वेगळाच खेळ. माझा अख्खा दिवस त्यात जातो, पाणी घालायचं राहतं आणि पीक त्या दिवशी वाढत नाही. बांधणी सेलेस्टचीच सरस, पण जागरणं होतात ती या गळापायी.